आफ्रिकी धर्मांच्या अभ्यासाची साधने : सिद्दींच्या निमित्ताने

लालबागेच्या पूर्वेस शिवडीचा किनारा आहे. १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाचे सैन्य याच किनाऱ्यावर उतरले, माझगाव त्याने व्यापले आणि इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात कोंडून धरले. मराठी वाचकास सिद्दी परिचित आहे तो असा : जंजिऱ्याचा लढवय्या म्हणून, किंवा खडकी वसविणाऱ्या मलिक अंबरच्या रूपाने. परंतु आफ्रिकेतून आलेल्या या लोकांनी कोणत्या श्रद्धा सोबत आणल्या, हा प्रश्न आमच्या इतिहासलेखनाने क्वचितच विचारला आहे. त्याचे उत्तर कोणत्या साधनांत शोधावे, एवढ्यापुरताच विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

पहिले साधन म्हणजे शासकीय नोंदी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा गुजरातेतील मुसलमानांविषयीचा भाग १८९९ साली प्रसिद्ध झाला. तो खानबहादूर फजलुल्ला लुत्फुल्ला फरीदी यांनी लिहिला. त्यात सिद्दींची नोंद असून रतनपूरच्या डोंगरावरील बाबा गोर या पिराचा उल्लेख आहे. ही वर्गवारी खोटी नव्हे. सिद्दी स्वतःस मुसलमानच म्हणवितात. परंतु ग्रंथालयात आफ्रिकी धर्मांची पुस्तके शोधणाऱ्याच्या हाती ही नोंद सहसा लागत नाही. शिवाय ती बाहेरच्याने केलेली आहे, हेही विसरता कामा नये.

दुसरे साधन म्हणजे शब्द. रतनपूरच्या दर्ग्यात ढोलाच्या तालावर जे भक्तिनृत्य होते, त्यास धमाल वा गोमा म्हणतात. पूर्व व मध्य आफ्रिकेतील अनेक बांटू भाषांत 'न्गोमा' या शब्दाने ढोल, नृत्य आणि रोगनिवारणाचा विधी यांचा एकत्रित बोध होतो. हेलेन बासू यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या जर्मन ग्रंथात सिद्दी फकिरांच्या पीरभक्तीचा सविस्तर अभ्यास केला आहे. मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा, आणि बांटू भाषांचा प्रदेश त्याच्या दक्षिणेस. म्हणजे 'सिद्दी' या एका नावाखाली निरनिराळ्या भूभागांतून आलेले लोक एकत्र झाले, हे या एका शब्दावरून सूचित होते. मात्र धमाल म्हणजे इस्लामचे वस्त्र पांघरलेला आफ्रिकी धर्म, असा निष्कर्ष काढण्याची घाई आम्ही करणार नाही. तसे केल्यास सिद्दींचे स्वतःविषयीचे म्हणणे पुन्हा एकदा बाजूस सारले जाईल.

हाच वाद आफ्रिकेतील विद्वानांतही झाला. केनियाचे जॉन म्बिटी यांनी १९६९ साली आफ्रिकी धर्म व तत्त्वज्ञान यांची मांडणी केली. पुढच्याच वर्षी युगांडाचे ओकोट प'बिटेक यांनी असा आक्षेप घेतला, की आपलेच विद्वान आफ्रिकी देवतांना परकीय ईश्वरकल्पनेचे रूप देत आहेत. नायजेरियाच्या वांडे अबिंबोला यांनी निराळा मार्ग धरला. योरुबा लोकांच्या इफा परंपरेतील २५६ 'ओडू' पुरोहितांना मुखोद्गत असतात. त्यांचे पाठ जमवून त्यांनी अभ्यासासाठी खुले केले.

पालीच्या अभ्यासकास हा मार्ग अपरिचित नाही. इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात त्रिपिटक ग्रंथारूढ होण्यापूर्वी ते भाणकांच्या मुखातच होते. जे लिखित नाही ते शास्त्र नव्हे, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस तरी नाही.

यासाठी मुंबईकर अभ्यासकास फार दूर जावे लागत नाही. विद्यापीठाचे आफ्रिकी अध्ययन केंद्र १९७१ पासूनचे आहे. जुनी गॅझेटियरे फोर्टमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात पाहता येतात. लालबागेहून भायखळा ओलांडले की डोंगरी लागते, तेथे सिद्दींची जुनी वस्ती आहे. मुंबई व गुजरातच्या सिद्दींवर बेहरोज श्रॉफ यांनी माहितीपट केले असून त्यांत ही माणसे स्वतः बोलतात. मराठीत मात्र असे संकलन व्हावयाचे आहे. ग्रंथ शंभर वर्षे कपाटात राहू शकतो. वृद्ध गायकाच्या कंठातील पद त्याच्या हयातीतच ऐकून घ्यावे लागते. म्हणून आमच्या तरुण अभ्यासकांनी प्रथम ढोलापाशी जाऊन बसावे आणि ग्रंथालयाकडे त्यानंतर वळावे, असे आम्हांस वाटते.