वार्धक्याचे वैद्यक आणि चित्रफीत

घरातले आजोबा बाजेवरून उठता उठता भोवळ येऊन पडले, तर आपण काय म्हणतो? "वय झालं आता." डॉक्टरही पुष्कळदा तेच म्हणतात. यात त्यांचा एकट्यांचा दोष नाही. त्यांना हे कुणी शिकवलेलंच नव्हतं.

वार्धक्याचे वैद्यक हे शास्त्र तसे वयाने लहान. १९०९ साली न्यूयॉर्कच्या डॉ. नॅशर यांनी त्याला 'जेरियाट्रिक्स' हे नाव दिले. काम मात्र १९३५ नंतर लंडनच्या एका रुग्णालयात मार्जरी वॉरेन या बाईंनी करून दाखविले. 'आता काही व्हायचे नाही' म्हणून वर्षानुवर्षे खाटेवर सोडून दिलेली म्हातारी माणसे त्यांनी एकेक करून तपासली आणि त्यांतली कितीतरी चालती करून घरी धाडली. आपल्या देशात मद्रासला डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली अशा सेवेला आरंभ केला. एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात या विषयाला स्पष्ट जागा मिळाली ती २०१९ साली. आणि धाराशिवला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले २०२२ साली! मग भूम-कळंबकडे वीस-पंचवीस वर्षे दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरांनी हे शिकावे कुठे? दवाखान्याला कुलूप लावून पुण्याला जाणे काही परवडत नाही.

इथे इंटरनेटवरची छोटी चित्रफीत कामाला येते. २०२० च्या कोरोना साथीत डॉक्टरांनाही पडद्यावर शिकायची सवय लागली. १९९१ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी घ्या. म्हाताऱ्या माणसाने खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. बारा सेकंद वा अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजावे. वाचायला सोपे आहे. पण वळताना पाय कसा अडखळतो, हात भिंत कशी चाचपतो, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. रक्तदाबाचेही तसेच. आधी निजवून मोजायचा, मग उभे करून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा वीसने उतरला, तर भोवळीचे कारण वय नव्हे, रोजची एखादी गोळीही असू शकते.

पण परदेशी फितींतली आजी हाताच्या खुर्चीत बसते अन् इंग्रजी बोलते. आमची आजी ओसरीवर बसलेली. पोरगा-सून ऊसतोडीला गेलेली. गोळ्या कोणत्या हे सांगायला घरात फार तर नातू. "चक्कर येते का?" विचारलं तर "नाही" म्हणेल, "डोळ्यापुढं अंधारी येते का?" म्हटलं की बोलू लागेल. तेव्हा फीत मराठीत, आपल्याच ओसरीवर घ्यायला हवी. तुळजापूर तालुक्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्याच बायकांना शिकवून 'भारतवैद्य' तयार केल्या. फितीत काय दाखवावे, हे माझ्या मते आधी त्यांना विचारावे.

तोवर तुम्ही एवढे करा. आजीला दवाखान्यात नेताना घरातल्या साऱ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आणि "उभं करूनही रक्तदाब बघा" असं डॉक्टरांना सांगा.