ओल्या भिंतीला वाट हवी

इ.स.पूर्व पहिल्या शतकात रोमन स्थपती विट्रुव्हियसने ओल्या भिंतीवर उपाय लिहून ठेवला. आतून थोडे अंतर सोडून दुसरी पातळ भिंत बांधावी. मधल्या पोकळीच्या तळाशी पन्हळ असावी, आणि खाली-वर हवेला वाटा असाव्यात. वाटा नसतील तर ओल नव्या भिंतीतही पसरेल, असे त्याने बजावले होते.

१९८०-९०च्या दशकांत कॅनडातील व्हँकुव्हर परिसरात हाच धडा विसरला गेला. लाकडी सांगाड्यावर पोकळी न सोडता गिलावा केला. फटींतून शिरलेल्या पावसाला निघायला वाट नव्हती. लाकूड कुजले, हजारो घरमालकांवर दुरुस्तीचा बोजा पडला. १९९८ साली बॅरेट आयोगाने चौकशी केली. दुरुस्तीत गिलाव्यामागे पट्ट्या ठोकून पोकळी ठेवू लागले.

शाळेची भिंत ओली दिसली तर विद्यार्थ्यांना विचारा : पाणी येते कुठून, आणि जाणार कुठून?