मच्छिंद्रनाथांचे पूर्वचरित्र

तुर्भ्याच्या डोंगराच्या छायेत, तेलशुद्धी कारखान्यांच्या शेजारी वसलेल्या माहुलसारख्या कोळीवाड्यात ज्या कथेचे मर्म सर्वांत आधी कळावे, ती मच्छिंद्रनाथांच्या बालपणाची कथा होय. धुंडिसुत मालूने शके 1741 मध्ये पूर्ण केलेल्या चाळीस अध्यायांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ ग्रंथात यमुनातीरी कामिक कोळ्याला सापडलेला हा मत्स्यगर्भज बालक, पाच वर्षांचा असता, पित्याने जाळ्यातून काढून दिलेले मासे आपले मातुलकुळ म्हणून पुन्हा पाण्यात सोडतो, आणि पित्याच्या ताडनाने विद्ध होऊन बदरिकाश्रमाची वाट धरतो. कोळ्याच्या पोटाच्या भुकेला आणि मुलाच्या करुणेला एकाच प्रसंगात न्याय देणारे असे स्थळ आपल्या वाङ्मयात मला विरळाच आढळले.

परंतु शाबरी मंत्रविद्येच्या या आद्य सिद्धाचा खरा ठावठिकाणा दप्तरी नोंदवू गेल्यास कैफियती परस्परांशी जुळत नाहीत. प्रबोधचंद्र बागची यांनी 1934 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कौलज्ञाननिर्णया’त माशाच्या पोटातून निघते ते मूल नव्हे, शास्त्र, आणि ते काढणारा कैवर्त म्हणजे साक्षात् शिव. मालूच्या पोथीत मीननाथ हा स्त्रीराज्यात जन्मलेला मच्छिंद्रनाथांचा पुत्र, तर अन्यत्र मीननाथ हेच त्यांचे नामांतर. नेपाळात तर पाटणची रथयात्रा त्यांना करुणामय अवलोकितेश्वर मानते. कालनिर्णयास भक्कम दाखला एकच: इसवी सन 1000 च्या सुमारास अभिनवगुप्ताने ‘तंत्रालोका’च्या आरंभी मच्छंद विभूला केलेले वंदन. म्हणजे ज्ञानदेवांच्या गुरुपरंपरेचा हा मूळ पुरुष त्यांच्याहून निदान पावणेतीन शतके प्राचीन ठरतो; आणि गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही तीनच नावे एवढे अंतर कशी भरून काढतात, हा प्रश्न अद्याप तसाच उभा आहे.