चावी कधी द्यायची : एका अभ्यासाची प्रस्तावना

रात्री उशिरा कात्रज चौकात "सातारा, कराड, कोल्हापूर" अशा हाका चालू असतात. शेवटची एसटी हुकलेला माणूस अनोळखी गाडीत बसतो आणि गाडीवाला अनोळखी माणसाला बसवून घेतो. दोघांचा विश्वास मिनिटभरात जमलेला, आणि पुढे बोगदा नाहीतर जुना घाट. गाडी हिसकावण्याच्या गुन्ह्याचा अभ्यास आपल्याकडे इथूनच सुरू व्हावा. परदेशी पुस्तकांतला लुटारू सिग्नलला थांबलेल्या गाडीचं दार उघडतो. आपल्याकडचा बहुतेक वेळा आधी भाडं ठरवून मागच्या सीटवर बसतो, किंवा "कट का मारला?" म्हणत दुचाकी आडवी घालतो. लक्ष भलतीकडे वळवण्याची युक्ती या घाटाला नवी नाही. शाहिस्तेखानावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना कात्रजकडे पिटाळल्याची कथा इथलीच.

या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी कोहेन आणि फेल्सन यांची १९७९ सालची मांडणी वाचावी. गुन्ह्याला तयार माणूस, सोयीचं सावज आणि राखणदाराचा अभाव, हे तिन्ही एका जागी, एका वेळी आले की गुन्हा घडतो, एवढंच ती सांगते. घाटात तिसऱ्या गोष्टीची वाट पाहावी लागत नाही.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ नुसार जबरी चोरीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मात्र ती महामार्गावर, सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान झाली तर १४ वर्षांपर्यंत. १८६० च्या दंडसंहितेतला हा फरक नव्या संहितेनेही राखला. शिवाय कलम ४१ जबरी चोरी रोखताना हल्लेखोराचा जीव गेला तरी बचाव मान्य करतं, गरजेपेक्षा जास्त इजा न करण्याची कलम ३७ ची अट पाळून. नवखा वाचक हमखास घसरतो तो इथे. हक्क आहे म्हणजे तो बजावलाच पाहिजे, असं त्याला वाटू लागतं.

जेकब्ज, टोपाली आणि राइट यांनी सेंट लुईस शहरात गाड्या हिसकावणाऱ्यांशीच बोलून २००३ मध्ये निबंध लिहिला. त्यातला लुटारू थंड डोक्याचा नाही. पैशाची निकड आणि अचानक समोर आलेली संधी यांच्या रेट्यात तो घाईने निर्णय घेतो. म्हणून तुमची एखादी झटक्याची हालचालही त्याला हल्ला वाटू शकते. हात दिसतील असे ठेवणं, "बेल्ट सोडतोय" असं आधी बोलून मग तो सोडणं, गाडीपासून लांब सरकणं, या बारीकसारीक गोष्टी अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहेत. त्या ऐनवेळी सुचत नाहीत, आधीच ठरवून ठेवाव्या लागतात.

मग चावी द्यायचीच नाही असं कधी? सप्टेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये पामेला बासू यांची गाडी दोघांनी हिसकावली. लहानगी मुलगी आत होती. तिला वाचवताना त्या सीटच्या पट्ट्यात अडकल्या, फरफटल्या आणि गेल्या, मुलगी वाचली. त्याच वर्षी तिथे गाडी हिसकावणं हा संघराज्याच्या कायद्याखालचा गुन्हा ठरला. या आईला "गाडी सोडून द्यायची होती" असं सांगणाऱ्या शास्त्रात काहीतरी कमी आहे. गाडीसोबत माणूस नेला जात असेल तर सगळं गणितच बदलतं. आपल्या कलम ३८ मध्येही अपहरणाच्या इराद्याने झालेला हल्ला वेगळा नोंदवलेला आहे.

आणखी एक अडचण पुस्तकांत सापडत नाही. "गाडी द्या, जीव वाचवा" हा सल्ला विमा गृहीत धरतो. चौकात हाका मारणाऱ्या कित्येकांची गाडी खासगी नंबरची, बँकेच्या हप्त्यावर. भाडं मारताना ती गेली तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. त्याच्या दृष्टीने चावी देणं म्हणजे पुढची काही वर्षं देणं. हल्लेखोराला मागच्या सीटवर बसवून बोगद्याकडे निघणाऱ्यांत तोच सगळ्यात पुढे असतो, म्हणून पहिलं प्रकरण त्याच्यावर आहे.