गंजणे आणि कळकणे

मराठीत 'गंज' म्हणजे लोखंडावर चढणारा तांबेरा आणि 'गंज' म्हणजे उभट भांडेही. व्युत्पत्तीचा प्रश्न येथे बाजूला ठेवू. परंतु धातू आणि त्याला खाणारे पाणी यांचा आपल्याकडील इतिहास स्वयंपाकघरातच सुरू होतो, हे खरे. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात आंबट आमटी राहिली की ती कळकते. लोखंड गंजते, पण कळकते ते अन्न. म्हणजे हे दुसरे क्रियापद भांड्याची झीज सांगत नाही. त्या झिजेमुळे दुसऱ्या कोणाचे काय बिघडले, ते सांगते. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथिलाचा पातळ थर फिरवणारा कल्हईवाला भांडे राखत होता, त्याहून अधिक जेवणाऱ्याला राखत होता.

थंड देशांतील घरांत या कल्हईचे प्रवाही रूप आढळते. तेथे बॉयलरमध्ये तापलेले तेच पाणी बंद नळ्यांतून आणि खोल्याखोल्यांतील रेडिएटरांतून वर्षानुवर्षे फिरते. लोखंड झिजून काळा गाळ साचतो आणि रेडिएटर तळाशी गार पडतो. म्हणून त्या पाण्यात गंजरोधक द्रव मिसळतात. तो धातूच्या आतल्या अंगावर पातळ संरक्षक थर धरतो. आपल्या तांब्याच्या बंबात ही सोय नव्हती, कारण त्यातील पाणी रोज नवे आणि थेट अंगावर घ्यायचे.

गंज थांबवण्याचा खर्च कोठे ना कोठे निघतोच, हे इतिहासाने वारंवार दाखवले आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून त्यांची झीज थांबवली. पण तांबे विरघळेनासे होताच जहाजांच्या तळाशी शंखशिंपले आणि शेवाळ वाढू लागले, जहाजांची गती मंदावली आणि तो उपाय सोडावा लागला. कॅलिफोर्नियातील हिंकली गावाची कथा याहून कठोर आहे. तेथील वायुवाहिनीच्या केंद्रात १९५२ ते १९६६ या काळात शीतकरणाच्या पाण्यात गंजरोधक म्हणून षट्संयुजी क्रोमियम वापरले गेले. ते जमिनीत मुरले, भूजलात उतरले. १९९६ मध्ये ३३.३ कोटी डॉलरांची तडजोड झाली. २००० सालचा 'एरिन ब्रोकोविच' हा चित्रपट अनेकांना आठवत असेल. लोखंड वाचले आणि पाणी कळकले.

सरावलीच्या दमट हवेत घरे तापवण्याची गरज कधीच नव्हती. मात्र पाणी तापवणाऱ्या नळ्यांचे जाळे या परिसरात मोठे आहे. जवळच्या तारापूर अणुवीज केंद्रातील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्यांत भट्टीतील पाण्याचीच वाफ थेट टर्बाइनकडे जाते. त्यामुळे रेडिएटरसारखे औषध त्यात ओतता येत नाही. पाण्याची कमालीची शुद्धता हाच मुख्य उपाय. २००५ आणि २००६ मध्ये आलेल्या पुढच्या दोन भट्ट्यांत जड पाणी बंद नळ्यांतून फिरते, आणि नळ्यांची झीज रोखण्यासाठी त्यात थोडे लिथियम हायड्रॉक्साइड घालून ते अल्कधर्मी ठेवतात.

सरावली आणि आसपासच्या गावांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीतही बॉयलर आणि शीतकरणाचे मनोरे आहेत. बॉयलरचे किंवा मनोऱ्याचे पाणी अधूनमधून बाहेर सोडावेच लागते आणि त्यात घातलेले रसायन त्याच्याबरोबर निघते. याच वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. ती तक्रार केवळ गंजरोधकांची नव्हती, एकूण रासायनिक सांडपाण्याची होती. तरी प्रश्न कल्हईच्या काळचाच आहे: भांडे राखताना त्यातून खाणाऱ्याचे काय? खाडीवर आणि समुद्रावर जगणाऱ्या मच्छीमारांनी तो विचारला, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

तंत्रविद्येने आपल्याला 'गंजरोधक' हा शब्द दिला. त्याचा हिशेब लोखंडापाशी संपतो. 'कळकणे' हे क्रियापद मात्र ताटापर्यंत येते. कल्हईवाला दारावरून नाहीसा होत असताना विद्यार्थ्यांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. तो निव्वळ जुना शब्द म्हणून न सांगता, विहिरी आणि खाड्यांच्या संदर्भात वापरून दाखवावा, असे आम्हांस वाटते.