बाल्डर

बाल्डर हा नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन, पुराणकथांतील एक देव होय. देवाधिपती ओडिन व त्याची पत्नी फ्रिग यांचा हा पुत्र. नान्ना ही त्याची पत्नी व फोरसेटी हा पुत्र. रूपवान, सौम्य आणि निष्कलंक असे त्याचे वर्णन केलेले आढळते. आइसलँडमधील साहित्यात त्याच्या पराक्रमाच्या कथा जवळजवळ नाहीत. तो ओळखला जातो तो त्याच्या मृत्यूमुळे. आणि त्या मृत्यूचा दोष कोणाचा, याविषयी मूळ साधनांत एकवाक्यता नाही.

मृत्यूची कथा

आज सर्वत्र सांगितली जाणारी कथा आइसलँडचा इतिहासकार व कवी स्नोरी स्टर्लुसन (११७९–१२४१) याच्या सुमारे १२२० मधील ‘गद्य एड्डा’ या ग्रंथातील आहे. बाल्डरला स्वतःच्या मृत्यूची स्वप्ने पडू लागतात. फ्रिग अग्नी, जल, धातू, पाषाण, वृक्ष, रोग, पशुपक्षी, सर्प या सर्वांकडून त्याला इजा न करण्याची शपथ घेते. मग बाल्डरला मध्ये उभे करून त्याच्यावर शस्त्रे फेकणे हा देवांचा खेळच होऊन बसतो. कपटी लोकी स्त्रीवेष घेऊन फ्रिगकडून गुपित काढून घेतो. मिसलटो या रोपट्याकडून, ते फारच कोवळे म्हणून, तिने शपथ घेतलेली नसते. (मिसलटो ही आपल्याकडे आंब्यावर दिसणाऱ्या बांडगुळासारखी, दुसऱ्या झाडावर वाढणारी वनस्पती आहे.) आंधळा होडर खेळात भाग न घेता कडेला उभा असतो. लोकी त्याच्या हाती मिसलटोची काडी देतो, नेम दाखवतो, आणि बाल्डर गतप्राण होऊन कोसळतो.

अंत्यविधीचे वर्णन विस्तृत आहे. बाल्डरचे ह्रिंगहोर्नी हे जहाज देवांना हलवता येत नाही. लांडग्यावर बसून, सापांचे लगाम धरून आलेली एक राक्षसी ते एका धक्क्यात पाण्यात लोटते. नान्नाचे हृदय शोकाने फुटते व तिचा देह पतीच्याच चितेवर ठेवला जातो. चितेवर ठेवण्यापूर्वी ओडिन पुत्राच्या कानात काय पुटपुटला, हे कोणत्याही साधनात सांगितलेले नाही. ‘वाफ्थ्रुड्निस्माल’ या काव्यात तर हाच प्रश्न विचारून ओडिन एका ज्ञानी राक्षसाला निरुत्तर करतो.

हेरमोड ओडिनच्या अश्वावरून नऊ रात्री प्रवास करून मृतांची स्वामिनी हेल हिच्याकडे बाल्डरची मागणी करतो. सर्व चराचर त्याच्यासाठी रडले तर तो परत मिळेल, अशी अट ती घालते. दगड व धातूसुद्धा रडतात. थंडीतून उबेत आलेल्या वस्तूंवर ओल दिसते तसेच ते रडणे, असे स्नोरी सांगतो. थोक्क नावाची एक राक्षसीण मात्र नकार देते. ती लोकीच असावी, असा संशय कथेतच व्यक्त झाला आहे. थोक्क या शब्दाचा अर्थ ‘कृतज्ञता’ असा आहे!

दोष कोणाचा?

स्नोरीच्या कथनात देव सूड उगवतात तो लोकीवर. त्याला पकडून बांधले जाते. जुन्या काव्यांतील चित्र वेगळे आहे. ‘वोलुस्पा’ व ‘बाल्डरची स्वप्ने’ या काव्यांत मारेकरी होडरच आहे, आणि सूड घेण्यासाठी जन्मलेला ओडिनपुत्र वाली एका रात्रीचा असतानाच तो घेतो. होडर आंधळा असल्याचे ही काव्ये सांगत नाहीत, किंवा काडी लोकीने दिली असेही म्हणत नाहीत. ‘लोकासेन्ना’ या काव्यात मात्र, बाल्डर पुन्हा दिसणार नाही तो माझ्यामुळे, असे लोकी फ्रिगला ऐकवतो. म्हणजे त्याचा दोष स्नोरीने नव्याने रचला, असे म्हणता येत नाही. होडर हा पूर्ण निरपराध, ही समजूत मात्र मुख्यतः स्नोरीवर आधारलेली आहे.

डॅनिश इतिहासकार साक्सो ग्रामाटिकस याने सुमारे १२०० मध्ये लॅटिनमध्ये दिलेली कथा तर सर्वस्वी निराळी आहे. तेथे होथेरस हा डोळस मानवी वीर असून नान्नाच्या प्राप्तीसाठी तो अर्धदेव बाल्डेरसशी युद्धे करतो व एका विशेष तलवारीने त्याला घायाळ करतो. मिसलटो व लोकी यांचा तेथे मागमूस नाही.

फ्रेंच अभ्यासक जॉर्ज द्यूमेझिल (१८९८–१९८६) यांनी या कथेची तुलना महाभारतातील द्यूतप्रसंगाशी केली. खेळातून घात होतो. आंधळा धृतराष्ट्र होडरप्रमाणे त्याचे निमित्त ठरतो, दुर्योधन लोकीच्या जागी येतो व युधिष्ठिर बाल्डरच्या. साम्य लक्षणीय आहे. पण होडरचे अंधत्व मुख्यतः स्नोरीच्याच कथनातून येत असल्याने ही तुलना सावधपणे स्वीकारावी लागते. धृतराष्ट्र, शिवाय, होडरइतका अजाण नाही.

‘वोलुस्पा’नुसार रॅग्नारोक या जगत्संहारानंतर नवी पृथ्वी वर येते, तेव्हा बाल्डर आणि होडर दोघेही परततात व एकत्र राहतात.