आधी निराधार ठरा, मग हक्क मागा!

दिव्यांगांचे मासिक अर्थसाहाय्य ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये झाले. ही वाढ कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. त्यामागे आंदोलन आहे. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांचे गुरुकुंज मोझरीला उपोषण झाले, जुलैमध्ये पापळ ते चिलगव्हाण पदयात्रा निघाली. हे चिलगव्हाण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले, १९८६ साली कुटुंबासह जीवन संपवणाऱ्या साहेबराव करपे यांचे गाव. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांच्या मानधनाची मागणी या गावापर्यंत पायी चालत आली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वाढीचे स्वागतच आहे. पण प्रश्न असा की, हे २,५०० रुपये नेमके कोणाला मिळतात? स्वतःच्या हिमतीवर छोटा धंदा करणाऱ्या दिव्यांगाला मिळतात का?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेची उत्पन्न मर्यादा सर्वसाधारण अर्जदारासाठी वर्षाला २१,००० रुपये आहे आणि दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये. हे उत्पन्न एकट्याचे नाही, कुटुंबाचे. ५०,००० ला ३६५ ने भागा. दिवसाला १३७ रुपये येतात. समजा, दारव्हा तालुक्यातल्या एखाद्या गावात पोलिओने पाय गेलेला माणूस शिलाई मशीन चालवतो. सणासुदीला काम असते, पावसाळ्यात नसते. त्याची बायको निंदणाला जाते. दोघांची कमाई खरी खरी लिहिली तर तो योजनेबाहेर. योजनेत राहायचे असेल तर मशीन झाकून ठेवायची आणि ‘मी काहीच करत नाही’ असे कागदावर सांगायचे. कष्टाने जगणाऱ्या माणसाला खोटे बोलायला लावणारी ही अट आली कुठून? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडायला, नालाबांध घालायला गेली. तेव्हा मुख्यमंत्री होते पुसदचे वसंतराव नाईक. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ पासून लागू झाला. काम मागण्याचा हक्क कायद्याने देणारे हे देशातले पहिले राज्य. ही मोठीच गोष्ट होती. पण त्या कायद्यातले काम म्हणजे अंगमेहनत, कुदळ आणि घमेले. ज्याला कुदळ धरता येत नाही त्याचे काय?

त्याच्यासाठी १९८० मध्ये, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. म्हणजे राज्याने गरिबांचे दोन कप्पे केले. एक, ज्याला खोदता येते तो. दुसरा, ज्याला कोणाचाच आधार नाही तो. ज्याला खोदता येत नाही, पण शिवता येते, दुरुस्ती करता येते, पानटपरी चालवता येते, शेळ्या राखता येतात, तो या दोन्ही कप्प्यांत बसत नाही. ४५ वर्षांत रक्कम बदलली, अर्जाचा नमुना बदलला, हा तिसरा माणूस मात्र आजही मधल्या भिंतीवरच उभा आहे.

योजनेच्या नावातला ‘निराधार’ हा शब्दही नीट पाहा. हक्कदाराला राज्य निराधार म्हणत नाही. निराधार म्हटले की देणारा मोठा होतो आणि घेणारा हात पसरतो. हीच ती जुनी दानधर्माची भाषा, जिच्याविरुद्ध बाबासाहेब आयुष्यभर लढले.

बाबासाहेबांनी मांडलेली वाट वेगळी होती. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम दिले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. या कायद्यात कामावर हात गेलेल्या कामगाराला ‘तू निराधार आहेस का?’ असे कोणी विचारत नाही. त्याचा विमा आहे, म्हणून भरपाई हा त्याचा हक्क. आज या विम्याची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये आहे आणि दिव्यांग कामगारासाठी दरमहा २५,०००. कारखान्यातल्या दिव्यांगाला महिन्याला २५,००० ची मर्यादा आणि गावातल्या स्वयंरोजगारी दिव्यांगाच्या अख्ख्या कुटुंबाला वर्षाला ५०,००० ची! दोघेही याच देशाचे नागरिक आहेत ना?

संविधानाच्या कलम ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता या प्रसंगी सरकारी साहाय्याच्या हक्काचा उल्लेख आहे. तिथे शब्द ‘हक्क’ असाच आहे. आर्थिक क्षमतेच्या मर्यादेची अट त्याला जोडलेली आहे हे खरे. पण साहाय्य घेणाऱ्याने कामच करू नये, अशी अट त्यात कुठेही नाही.

आता कोणी म्हणेल, मग या लोकांनी नोकरी का केली नाही? यवतमाळमध्ये हा प्रश्न विचारणे म्हणजे थट्टाच. इथे कापूस आहे, मजुरी आहे, विमा असलेली नोकरी अगदी थोड्यांना. २०१७ च्या हंगामात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून जास्त माणसे दगावली आणि शेकडो जणांना रुग्णालयात जावे लागले. फवारणी करणाऱ्यांत दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाणारे मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांना राज्य विमा नाही. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. पण त्यासाठी सातबारा लागतो. ज्याच्या बापजाद्यांना जातीने जमीनच मिळू दिली नाही, त्याने सातबारा कुठून आणायचा? अपघात शेतात होतो, पण भरपाई जमिनीच्या मालकीवर ठरते. अपंगत्वाच्या प्रश्नात जात कशी लपलेली असते ती अशी.

गंमत म्हणजे ‘स्वतःच्या पायावर उभे राहा’ असे सांगणारेही हेच सरकार. एके काळी एसटीडी-पीसीओ बूथ देताना अपंगांना प्राधान्य होते. किती तरी घरे त्या पिवळ्या पाटीवर चालली. मोबाइल आला, बूथ गेले, पण त्या माणसांचे पुढे काय झाले हे विचारायला कोणी आले नाही. १९९७ मध्ये राष्ट्रीय अपंग वित्त आणि विकास महामंडळ स्थापन झाले, स्वयंरोजगारासाठी कर्जे सुरू झाली. अलीकडे राज्याने फिरत्या दुकानासाठी विजेवर चालणारी वाहने देण्याची योजना आणली. म्हणजे सरकारचा एक हात धंदा करायला गाडी देतो आणि धंदा जरा चालला की दुसरा हात अनुदान काढून घेतो. दिव्यांगाने प्रगती केली तर त्याला शिक्षा, असाच याचा अर्थ नाही का?

आणि प्रत्येक नव्या लाभाकडे जाताना सिद्ध करण्याचे ओझे त्याच्याच डोक्यावर. २००९ मध्ये केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना आली, ती फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी. तिच्यातला केंद्राचा वाटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपयांवर अडकला आहे. जून २०२१ पासून अपंगत्वाची प्रमाणपत्रे फक्त यूडीआयडी पोर्टलवरून मिळू लागली. मग अनुदान आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा करण्याची पद्धत आली. दलाल कमी होणार असतील तर चांगलेच. पण झरी-जामणीच्या पोडावरून जिल्ह्याच्या रुग्णालयात तपासणीला येणाऱ्याचा दिवस बुडतो, आणि स्वयंरोजगारी माणसाचा दिवस बुडाला म्हणजे त्या दिवसाची चूल बुडाली. नोकरदाराला रजा असते, टपरीवाल्याला नसते.

आता कायद्याचे पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम २४ स्पष्ट सांगते की, इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त साहाय्य मिळाले पाहिजे. हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. तरी २०२३ मध्ये निराधार योजनेची रक्कम १,५०० झाली तेव्हा ती दिव्यांगांना आणि इतरांना सारखीच होती. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. रक्कम तीच १,५००, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख! बहिणींना पैसे मिळाले याचे दुःख नाही. पण अडीच लाखांची मर्यादा एका योजनेत चालते, तर दिव्यांगाच्या वेळी ५०,००० वर काटा का थांबतो? ज्याची संघटित मते जास्त, त्याची मर्यादा जास्त, हेच यातून दिसते.

‘मर्यादा काढली तर श्रीमंतही घेतील’ हा आक्षेप नेहमीचा आहे. ब्रिटनमध्ये १९९२ पासूनचा अपंगत्व भत्ता आणि २०१३ पासून त्याच्या जागी आलेला नवा भत्ता, दोन्ही उत्पन्न न पाहता दिले जातात. कारण सरळ आहे. अपंगत्वाचा खर्च कमाई सुरू झाली म्हणून थांबत नाही. कुबड्या, काठी, औषधे, सोबत येणाऱ्या माणसाचे एसटीचे भाडे हे सगळे कमावत्या दिव्यांगालाही लागते, उलट जास्तच लागते. तिथेही जुन्या भत्त्यातून नव्या भत्त्यात जाताना फेरतपासणीत अनेकांचा लाभ गेला. तत्त्व त्यांच्याकडून घ्यावे आणि त्यांच्या चुकीतून धडाही घ्यावा.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असायला हव्यात. दिव्यांगांचे साहाय्य निराधार योजनेतून वेगळे काढून अपंगत्वाच्या खर्चाचा भत्ता म्हणून द्यावे. तोपर्यंत उत्पन्न मर्यादा किमान अडीच लाख करावी आणि स्वयंरोजगाराची कमाई मोजताना कच्च्या मालाचा खर्च वजा धरावा. जुन्या लाभातून नव्यात जाताना, नवा सुरू होईपर्यंत जुना बंद करू नये. तपासणीची शिबिरे तालुक्याला व्हावीत. सातबारा नसलेल्या शेतमजुराला अपघात योजनेत घ्यावे.

बांधवांनो, ग्रामसभेत, तहसीलवर, मोर्चात बोलताना ‘अनुदान द्या’ म्हणू नका, ‘आमचा हक्क द्या’ म्हणा. शिलाई मशीन चालवणारा माणूस निराधार नाही. त्याचा आधार त्याचे दोन हात आहेत. राज्याने त्या हातांना बळ द्यायचे, की ते झाकून ठेवायला लावायचे, एवढाच प्रश्न आहे. जय भीम!